टेबलावर न घेतलेला रेग्युलेटर

शनिवार, १४ मार्च
दुकानातून, दुपारी

चि. बारक्या,

आशीर्वाद घे. इथे आम्ही दोघी ठीक. आईचा गुडघा तसाच, कुरकुर मात्र वाढली आहे. "तो वेळेवर जेवतो का?" हे दिवसातून दोनदा मला विचारते, जशी काही मी तुझ्या ताटासमोर बसले आहे. फोनवर तू "बरं, बरं" म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे कागदावर. गोदीतलं काम झेपतंय ना? हातमोजे घालत जा, तुला सवय नाही.

आपल्या डायव्हिंगच्या सामानाच्या दुकानाचं सांगते. तू गेलास तेव्हा वाईट चाललं होतं, त्याहून वाईट झालं. लोक यायचे, तासभर पाण्याखालचे मास्क डोळ्यांना लावून बघायचे, पायात फिन्स घालून फतक फतक फिरायचे, लेबलाचा फोटो काढायचे आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवायचे. एका बाईंनी पाच रबरी सूट घालून पाहिले. ते अंगातून सोलून काढायला किती दम लागतो तुला ठाऊक आहे. पाचवा मी ओढून काढला तेव्हा मला धाप लागली होती, आणि त्या म्हणतात, "छान मापं कळली हो!" कपाळ माझं! वर चहाही घेऊन गेल्या.

आता गेले तीन आठवडे दुकानात गर्दी आहे. चक्क गर्दी. मास्क संपले, दोन सूट उरलेत. आनंदाने नाचू नकोस, पुढचं वाच.

आपल्या शिट्टीमास्तरांना अपघात झाला. हो, तेच. ज्यांनी तुला कमरेला दोर बांधून पोहायला शिकवलं आणि मला पहिल्यांदा सिलिंडर लावून खाली नेलं. आता बरे आहेत, घरी आहेत, पण फुप्फुसाला इजा झाली. डॉक्टरांनी पाण्याखाली जाणं कायमचं बंद केलंय. बारा मीटर खोल असताना त्यांच्या रेग्युलेटरमधून, सिलिंडरची हवा तोंडात देणाऱ्या त्या यंत्रातून, हवेबरोबर पाणी तोंडात आलं. ठसका लागला, घाबरले आणि सुसाट वर आले, त्यानेच फुप्फुस दुखावलं. सगळ्या जगाला "सावकाश वर या" सांगणारा माणूस.

रेग्युलेटर ऑनलाइन घेतलेला होता. मुलीने वाढदिवसाला पाठवला होता. झालं, गावभर एकच बोभाटा: बघा, स्वस्तातलं घेतलं की असं होतं, वस्तू आपल्या दुकानातूनच घ्यावी. म्हणून ही गर्दी. उद्या सकाळी दहाला डायव्हिंग क्लबने माझं भाषण ठेवलंय, "ऑनलाइन मालाचे धोके". वर्तमानपत्रवालाही येणार आहे. मी हो म्हणून बसले आहे.

इथपर्यंत लिहिलं आणि उठून उगाच काउंटर पुसून आले. पुढचं लिहायला हात धजत नाही.

बारक्या, मास्तर तो रेग्युलेटर घेऊन आधी माझ्याकडे आले होते. अपघाताच्या चार दिवस आधी. खोक्यासकट. म्हणाले, "जरा तोंडाला लावून श्वास ओढून बघ गं, नवीन आहे." दारावरची माझी पाटी तुला आठवते. बाहेरून घेतलेली वस्तू इथे तपासली जाणार नाही. ज्या पाटीवरून आपलं वाजलं तीच. तू म्हणत होतास, "ताई, विकण्याचे दिवस गेले. माल कुठूनही येऊ दे, तू टेबलावर घे. तपासणं, दुरुस्ती, शिकवणं, दुकान टिकलं तर त्याच्यावरच टिकेल. ते काही खोक्यातून घरपोच येत नाही." आणि मी म्हटलं होतं, दुसऱ्यांची उष्टी काढायला मी इथे बसलेली नाही. तू त्याच आठवड्यात गेलास.

मास्तरांनाही मी पाटी दाखवली. हसत दाखवली, पण आतून जळत होते. यांनीसुद्धा? "जिथून आला तिथेच दाखवा, मास्तर," म्हटलं. ते हसले, "बरोबर आहे बाई तुझं," म्हणाले आणि खोकं उचलून गेले. मी तो हातात घेतला नाही रे. हातातसुद्धा नाही.

अपघातानंतर क्लबने तो माझ्याकडेच पाठवला, तपासून सांगा म्हणून. टोपण लावून हवा बंद केली आणि तोंडाने ओढला. काही यायला नको होतं. आरामात हवा आली, म्हणजे पाण्याखाली तिथूनच पाणी शिरलं. उघडला तर आतली रबरी चकती एका कडेला दुमडून बसलेली. बसवताना कोणाची तरी चूक, एवढंच. अर्ध्या मिनिटात कळलं असतं, दहा मिनिटांत नीट झालं असतं. मी क्लबला काय कळवलं? "सदोष माल." खोटं नाही म्हणा. पण खरंही नाही.

तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाईक आलं की आधी दारावरच्या पाटीकडे नजर जाते. लोक म्हणतात, "ताई, तुमच्याकडे कसं, विश्वासाने घेता येतं." मी मापं काढते, पिशवीत भरते, हो हो म्हणते. रात्री अंग मोडून येतं आणि झोप येत नाही. इतकी दमले आहे की दुकान मागेच बंद केलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटायला लागलंय.

काल मास्तरांकडे गेले. ठरवूनच गेले होते. खुर्चीत बसले होते, जिना चढून आल्यासारखे श्वास घेत. मी सांगून टाकलं की त्या दिवशी मी बघितला असता तर हे झालं नसतं. ते म्हणाले, "मला माहीत आहे गं. चूक माझीपण आहे. चाळीस वर्षं पोरांना सांगितलं, पाण्यात जाण्याआधी ओढून बघा, आणि स्वतः बघितलं नाही. तुझ्याकडे आलो होतो हे मी कोणाला बोललो नाही. मुलीलाही नाही. म्हटलं, या निमित्ताने तरी तुझं दुकान चालेल."

बारक्या, मला तिथे रडूसुद्धा आलं नाही. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर उद्या भाषणात मी हे सगळं सांगणार आहे. चकतीचं, पाटीचं, माझ्या तोऱ्याचं. त्यानंतर दुकानात कोणी पाऊल ठेवेल का, ठाऊक नाही. ठेवलं, तर जे आणतील ते टेबलावर घेईन, कुठूनही आणलेलं असो. नाही ठेवलं, तर आईला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. तू परत ये असं म्हणायचं तोंड मला नाही. पण तू बरोबर होतास, आणि मी ऐकलं नाही त्याची किंमत भलत्याच माणसाने मोजली, हे तुला दुसऱ्याकडून कळू नये.

भाषणाला अजून रात्र मध्ये आहे, आणि मी स्वतःला चांगली ओळखते. सकाळपर्यंत मला शंभर सबबी सुचतील. म्हणून हे पत्र आत्ताच, चारचं टपाल निघायच्या आत पेटीत टाकून येते. एकदा तुझ्याकडे यायला निघालं की मला उद्या दुसरं काही बोलता येणार नाही.

तुझ्याशी भांडून हरलेली,
ताई