जुनं पाणी

२ डिसेंबर
आलो बाई एकदाच्या कोळत्तूरला. खोली बघून जीव सुखावला. मागच्या अंगणात, स्वतंत्र दार, खिडकीत शेवग्याचं झाड. अंबत्तूरच्या कारखान्यात आठ वर्षं सर्किटं जोडली, कारखाना बंद पडल्यावर घरी बसून नवऱ्याची बोलणी खाल्ली, आता तेही घर सोडलं. इथे माशांचा धंदा, टाक्यांची देखभाल मी करायची. मालकीण कोदैअम्मा गोड बाई आहेत. फोनवर दोनदा विचारलं होतं, मुलगी किती वर्षांची म्हणून. पाच, म्हटलं. आल्या आल्या गरम इडल्या दिल्या आणि कयलच्या गालाला हात लावून म्हणाल्या, नावच माशाचं, माशांच्या घरी आली ते बरं झालं. कयल चार इडल्या खाऊन झोपली. घरी कधी दीडच्या वर खायची नाही.

३ डिसेंबर
काम समजलं. हॉलमध्ये चार फुटांची काचेची टाकी आहे, ताटलीसारखे चपटे, महागडे मासे. दोन महिन्यांत पाच हीटर तडकले. कारण सोपं आहे: पाणी खाली जातं, हीटर उघडा पडतो, तापतो आणि फुटतो. वर पाण्यात करंट उतरायची भीती. मी म्हटलं दोन सेन्सर लावते. खालचा पाणी उतरलं की हीटर बंद करेल, वरचा पाणी काठाशी आलं की लाल दिवा लावून ओरडेल. मालक वेदाचलम सार म्हणाले, काय हवं ते लाव. कोदैअम्मांची अट एकच, टाकी कधीही पूर्ण रिकामी करायची नाही, थोडं थोडंच बदलायचं. जुन्या पाण्याला सगळेच मासेवाले जपतात, म्हणून मीही जास्त विचारलं नाही.
माशांच्या पिशव्या तोलायच्या काट्याला कयल लोंबकळली. सतरा किलो. मी ओरडले, तर आणखी लोंबकळली.

५ डिसेंबर
सेन्सर बसले. टाकी वरच्या सेन्सरच्या खुणेखाली केसभरच राहील इतकी भरली, गळती कुठे ते कळावं म्हणून चारी बाजूंनी परात-घमेली लावली.
दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी वरचा सेन्सर ओरडला. नळ बंद होता. पाणी फुगून काठावरून सांडलं. दोन वाजता आपोआप खाली बसलं, दोन सेंटिमीटर कमी. मग खालच्या सेन्सरने हीटर बंद केला. म्हणजे गळती नाहीच. पाणी आधी चढतं, सांडतं, मग उतरतं. सांडलेलं मोजलं, अकरा लिटर.
बादलीत दगड टाकला की पाणी चढतं, तसं. पण टाकीत कोणी काही टाकलं नव्हतं. सेन्सरच्या काचेवर शेवाळ असेल. व्हिनेगरने पुसली.

७ डिसेंबर
आज स्टूल घेऊन समोरच बसले. बघूच म्हटलं काय चाळे आहेत. एक दहाला सगळे मासे एका कोपऱ्यात दाटीवाटीने सरकले. मधली जागा मोकळी. मग पाणी चढलं. बारा लिटर.
हात घालायचा धीर झाला नाही. कबूल करते.
कयलचा फ्रॉक खांद्यावरून घसरतोय. काट्यावर सोळा. काटा बिघडला असणार.

९ डिसेंबर
चौदा लिटर. कयल चौदा किलो.
काटा बिघडलेला नाही. तांदळाची पिशवी तोलून पाहिली. डॉक्टरीणबाई घरी येऊन बघून गेल्या, म्हणाल्या पोर ठणठणीत आहे, खाते छान, उगाच काळजी करता. खाते तर खरंच. पण दुपारी एक ते दोन झोपते आणि हलवली तरी उठत नाही.
कारखान्याची सवय, दोन रकाने केलेत. टाकी, कयल. बेरीज रोज अठ्ठावीस येते. मला भीती वाटते.

१० डिसेंबर
कोदैअम्मा देवळात गेल्यावर वेदाचलम सारना गाठलं. आधी उडवाउडवी, मग रडलेच. चार वर्षांपूर्वी त्यांची मुलगी अमुदा मागच्या सिमेंटच्या हौदात बुडाली. दीड वर्षाची. आदल्याच दिवशी त्याच काट्यावर हौसेने तोलली होती, अकरा किलो. हौद बुजवला, पण त्यातलं पाणी कोदैअम्मांनी काचेच्या टाकीत भरलं. तेच जुनं पाणी आजवर आहे. ते म्हणाले, ती मोठी व्हायला हवी असं बायको म्हणते, मी काय करू.
बायका पुष्कळ आल्या होत्या म्हणे कामाला. मुलगीवाली मीच पहिली.

११ डिसेंबर
सोळा. बारा.
सामान तिथेच टाकून कयलला उचलून निघाले. बस थांब्यापर्यंतही पोचलो नाही — वळणावरच मान टाकली हिने, ओठ निळे. परत फिरले. फाटकात पाऊल टाकलं तर हसली, भूक लागली म्हणाली.
इथून नेता येत नाही. मग पाणीच घालवते. पाणी नाही तर काहीच नाही. उद्या, ते चढायच्या आत.

१२ डिसेंबर
सकाळी काट्यावर अकरा. फक्त अकरा.

१२.३० — हॉलचं दार आतून लावलं. मासे टबात. नळी मोरीत सोडली. कयल मांडीवर.
१२.३५ — खालचा सेन्सर वाजला. वाजू दे.
१२.५० — तळाशी चार बोटं उरलं. कयल — तोंड उघडतेय, मिटतेय, आवाज नाही —
कोदैअम्मा दाराबाहेर. ओरडत नाहीत. हळू बोलताहेत.
"पाणी काढू नकोस गं. सहा किलो तुझीच पोर आहे त्यात. तूच तिला गटारात सांडते आहेस."
नळी उपटली. पंप लावला, नळ सोडला, भरतेय. भर, भर लवकर.
१.०८ — श्वास घेतला. घेतला! नळ बंद. पाणी वरच्या खुणेच्या दोन सेंटिमीटर खालीच ठेवलंय. चढायला नको.
१.१० — लाल दिवा.
नळ बंद आहे. पुन्हा पाहिला, बंदच आहे. तरी खुणेला लागलं. दोन सेंटिमीटर. दोन म्हणजे अकरा — अकरा तर माझी कयल —
मांडीवर फ्रॉक आहे, पुन्हा सतरा किलोंचा जड. फ्रॉकमध्ये आहे ती कयल नाही —