हात केला तर थांबणारी गाडी

५ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पालुपद तेच, की बायको जाऊन वर्ष झालं, आता एकटा राहू नकोस, घराला कुलूप लाव आणि माझ्याकडे ये. दातांच्या कवळ्या काय, इकडेही बनवता येतील, असं वर. अगं, दिवसभर लोकांचे दात घडवतो, पण माझे स्वतःचे अजून शाबूत आहेत. म्हातारा नाही झालो.

आणि माझ्या पॅसेंजरचं काय? आमच्या थांब्यावर ती कुणी हात केला तरच थांबते, आणि हात करणारा आता मी एकटाच उरलो आहे. बाकीच्यांनी मोटारी घेतल्या. एका माणसासाठी अख्खी गाडी ब्रेक लावते, असा थाट कुणाच्या नशिबी असतो? ड्रायव्हर मान हलवतो, गार्ड झोप लागली का म्हणून विचारतो. संध्याकाळी उतरलो की मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत कुणाशी बोलणं होत नाही. रेडिओ लावून ठेवतो, तो बोलत राहतो.

भाचा हल्ली तुझ्या पत्राखाली दोन ओळी खरडत नाही. मामाला विसरला का, विचार त्याला.

तुझा,
धाकटा

१९ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

थाट म्हणे. रडायचं तिथे हसायची तुझी खोड लहानपणापासूनची. उद्या न्हाणीघरात पाय घसरून पडलास तर कुणाला कळणार आहे? शेजारचं घर रिकामं, मी इतकी लांब. मला रात्रंदिवस हाच घोर.

इकडे सगळं ठीक. भाचा कामात असतो. मागची खोली झाडून ठेवली आहे, तिला पडदेही शिवले. बायकांचे ब्लाउज राहिले बाजूला, आणि मी पडदे शिवत बसले, म्हणून एका गिऱ्हाइकाची बोलणी खाल्ली.

लोभ आहेच, थोडी अक्कल वाढू दे.

ताई

११ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधीच सांगतो, आता बरा आहे. मध्यंतरी तापाने पार आडवा केला. पहिल्या दिवशी गाडी न थांबता गेली, ती अंथरुणातून ऐकली. दुसऱ्या दिवशीही मी दिसेना, तेव्हा ड्रायव्हरने कुणी हात केला नसताना गाडी उभी केली आणि गार्ड रूळ ओलांडून थेट माझ्या दारात. त्याने पाणी पाजलं, पुढच्या स्टेशनातून डॉक्टर पाठवला. तो माझ्यापाशी होता तोवर गाडी उभी, आणि खिडक्यांतून माणसांची डोकी बाहेर.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगू, वर्षभरात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. तो गेल्यावर उशीत तोंड खुपसून रडलो.

तेव्हा पडलो तर कुणाला कळेल, याचं उत्तर तुला मिळालं. आता पालुपद पुरे.

तुझा,
धाकटा

२० जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

त्या गार्डचं भलं होवो. त्याच्या गळ्याचं आणि छातीचं माप पाठव, शर्ट शिवून देते.

पण रविवारी तुझी पॅसेंजर नसते ना? मग रविवारी पडलास तर?

ताई

१४ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माप राहू दे. त्या दिवशीच्या खोळंब्याची कुणीतरी तक्रार केली. ड्रायव्हर आणि गार्ड दोघांची दुसऱ्या मार्गावर बदली झाली आणि आमचा थांबा बंद केल्याचा कागद खांबावर लागला. माझ्यामुळे त्या भल्या माणसांना भोगावं लागलं, हे मनातून जात नाही.

कागद वाचूनही मी दुसऱ्या सकाळी उभा राहिलो. हात केला. नवीन ड्रायव्हर समोर बघत शिट्टी वाजवून निघून गेला. गाडी दिसेनाशी झाली तरी माझा हात वरच होता.

आता बसने जातो. रोज वेगळी माणसं असतात, कुणी कुणाला ओळखत नाही. तरी तुझ्याकडे येत नाही, राग मानू नकोस. तुझं घर भरलेलं, मुलगा-सुनेचं. त्यात मी कुठे लुडबुडू? मी आपला इथेच बरा.

तुझा,
धाकटा

२३ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

कसलं भरलेलं घर? तुझा भाचा मार्चमध्येच नोकरीपायी बिऱ्हाड हलवून दूर गेला. भांडण नाही, तंटा नाही. पत्र येतं अधूनमधून. मागची खोली त्यांचीच.

तुला कळवलं नाही, कारण तू कीव करून आला असतास आणि थोरल्या बहिणीला ते पचलं नसतं. म्हणून तुझ्या काळजीपोटी बोलावते असं लिहीत राहिले. ते निम्मंच खरं. तुला दोन दिवसांत गार्ड शोधत आला. मी पडले तर कुणी कपडे न्यायला येईल तेव्हा कळेल, आणि हल्ली लोक तयार कपडेच घेतात. जेवायला बस म्हणून मला हाक मारणारं कुणी नाही रे. भाकरतुकडा उभ्यानेच खाते.

ये किंवा नको येऊस. मला हे एकदा बोलून मोकळं व्हायचं होतं.

ताई

२९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तसाच मालकांकडे जाऊन नोकरी सोडली. हत्यारांची पेटी बांधली, घराची किल्ली वाण्याकडे दिली. कीव-बीव काही नाही. मलाही कुणाला तरी जेवायला हाक मारायची आहे.

या पत्राला उत्तर धाडू नकोस. ते घ्यायला इथे कुणी नसेल.

बाकी समक्ष.

तुझा,
धाकटा