पेशन्सचं पोरगं

१० नोव्हेंबर, सोमवार

नववी पिढी! अमेरिकेतल्या एका म्हातारीला तिची नवव्या पिढीची आजी हवी आहे. नाव पेशन्स टल. साल १६८० च्या आसपास, मॅसेच्युसेट्स. तेव्हा तिकडे इंग्रजांचं राज्य, माणसं कमी आणि डुकरं जास्त. आणि ती आजी शोधणार कोण? तर अमरावतीत राजापेठेला, ट्यूशन क्लासच्या वरच्या खोलीत बसलेली आरती. इतिहासात एम.ए., कायमची नोकरी कुठेच नाही.

कुलदीपच्या ऑफिसचं हे काम मी घरूनच करते. गोऱ्यांनी आपलं सगळं जुनं दप्तर स्कॅन करून ठेवलंय. ते वाचायचं, पूर्वज काढायचे, झाड आखून पाठवायचं. स्वतःचं स्वतः वाचायचा कंटाळा! कुणाला कॅप्टन पाहिजे असतो, कुणाला पाद्री. दिवाळीआधी एकाला उमराव पाहिजे होता. डुकरं राखणारा निघाला. रुसला.

ही डोरिस व्हिटकॉम्ब. ओहायो. वय अठ्ठ्याहत्तर. हिलाही जुन्या घराण्यांच्या कुठल्याशा मंडळात शिरायचं असेल. या वयात! गोवऱ्या मसणात गेल्या, तरी खानदान पाहिजे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सापडत नाही. बाया सापडतच नाहीत. अमक्याची बायको, तमक्याची विधवा — संपलं. जनावरांची नोंद मात्र कशी चोख! कुणाच्या बैलाचा कान ओळखीसाठी कसा कापलाय, त्याचं चित्र काढून ठेवलंय. बाईपेक्षा बैलाचा कान बरा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सापडली! आणि कुठे? कोर्टात!

पेशन्स टल, मोलकरीण, वय एकोणीस. लग्न नाही आणि मूल झालं. बाप कोण, म्हणून विचारलं. तिने सरळ मालकाच्या पोराचं नाव घेतलं. त्याने बायबलवर हात ठेवला — मी नाही. सुटला! तिला दंड, नाहीतर भर गावात दहा फटके. दंड भरायला कोणी आलं नाही. फटके बसले.

मूल — जोनास — अंगावरचं दूध सुटल्याबरोबर दुसऱ्या गावच्या एका घरी देऊन टाकलं. एकवीस वर्षांचा होईपर्यंत तिथेच राबायचं. आईने तिकडे फिरकायचं नाही, असा हुकूम.

मोठे देवभक्त लोक. दर पानावर देव.

१६ नोव्हेंबर, रविवार

पुढचं पान वाचून एकटीच हसले. जोनास ज्याच्या घरी दिला, त्याची तक्रार आहे. आठ महिन्यांनी पेशन्स भर दुपारी त्याच्या घरात शिरली आणि पोर उचलून चालती झाली. अडवायला गेला तर त्याला म्हणे मथणीच्या दांड्याने हाणलं! शोधा, धरून आणा, असा हुकूम निघाला. मिळाली नाही.

थेट तीस वर्षांनी, दुसऱ्याच प्रांतात जोनासचं मृत्युपत्र. 'माझी आई पेशन्स हिला चुलीकडची उबदार खोली, आणि तिला आवडेल ती गाय.'

म्हणजे तिने ते पोरगं वाढवलं. आणि या व्हिटकॉम्बबाईचं अख्खं खानदान त्याच पोराचं. घे म्हणावं, लाव भिंतीवर!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कुलदीपला अहवाल दाखवला. तो उडालाच.

"हे फटके-बिटके काहून ल्याहलं? काढ ते. एखाद्या कॅप्टनसंग लगन लावून दे न तिचं!"

"कॅप्टन कुठून आणू?"

"कोन पायते बे तीनशे वर्सामांगचं? म्हातारी खुश झाली पायजे. दोन बहिनी आहेत तिच्या, त्यायचंबी काम येईन. मले गिऱ्हाईक पायजे, तुहा इतिहास नाही पायजे."

हा माणूस आधी मोबाइलचे कव्हर विकत होता. अजूनही तेच विकतो — चकचकीत, आत काही का असेना.

घरी आले आणि अहवाल जसाच्या तसा पाठवून दिला. दहाही फटक्यांसकट. सत्यासाठी वगैरे नाही. त्या म्हातारीचं तोंड कसं होतं, ते मनातल्या मनात बघायला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

उत्तर नाही. झोंबलं वाटतं!

२३ नोव्हेंबर, रविवार

अकोल्याला जाऊन आले. धाकट्या भावाची, नितेशची वास्तुशांती. हॉलमध्ये ही भलीमोठी वंशावळ — फ्लेक्स! सगळ्यात वर एक मिशीवाला सरदार. हा कुठून आला? तर म्हणे नेटवरून काढला, "आपल्या आजोबासारखाच दिसते." खाली सगळे पुरुषच. जणू एकमेकांच्या खांद्यातून उगवले.

विचारलं, "माझं नाव कुठंय?"

"ताई, पोरी त सासरच्या झाडात येते न."

"मी लग्नच केलं नाही."

"मंग तुले कोठी टाकू?" अगदी खरोखरच्या काळजीने विचारलं त्याने!

आशाआत्या जवळच बुंदी खात होती. म्हणाली, "बाईचं नाव ल्याहून काय करतं, बाई? बाई म्हंजे पानी. वाहून जाते." आत्याने चार पोरं वाढवली, नवऱ्यामागे शेती केली. तिचंही नाव नाही. वर पुन्हा बुंदी मागून घेतली.

जेवले नाही. डोकं दुखतंय म्हणून लवकर निघाले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कुलदीपला कळलं. "गिऱ्हाईक पयवून लावलं तू माहं!" तासभर ओरडत होता. या महिन्यानंतर काम नाही म्हणे. नको देऊ! दुसऱ्यांचे बाप शोधून कंटाळलेच होते मी.

आणि संध्याकाळी म्हातारीचाच निरोप — बोलायचंय.

२६ नोव्हेंबर, बुधवार

व्हिडिओ कॉल झाला. कुलदीप शेजारी, केस चापून बसवलेले, तोंडात शंभर वेळा सॉरी. म्हातारीने त्याच्याकडे बघितलंही नाही. वाळकी बाई, निळा स्वेटर.

मला म्हणाली, "ती मुलाला आणायला खरंच परत गेली? की तुम्ही मला बरं वाटावं म्हणून लिहिलंत?"

बरं वाटावं म्हणून! मी म्हटलं, "तक्रार आहे कोर्टात. वाचून दाखवते."

वाचलं. दांड्याचंही वाचलं. पुन्हा वाच म्हणाली. वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लागले, तर तिने कॅमेराच बंद केला.

कुलदीप म्हणाला, "झालं समाधान?" झालं तर! शरमली असेल. एवढा मोठा वंशवृक्ष, आणि मुळाशी मोलकरणीचं पोर.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज डोरिसबाईंनी थेट मलाच फोन केला.

"झाडात माझ्या नावाखाली तीन मुलं आहेत," म्हणाल्या. "त्यांच्या आधी एक जागा करा. मुलगा. १९६४. मी सतरा वर्षांची होते, लग्न झालं नव्हतं. वडिलांनी दत्तकाच्या कागदावर सही केली आणि त्याला दवाखान्यातूनच नेलं. मी परत गेले नाही. परत जाता येतं, हेच मला कोणी सांगितलं नव्हतं." मग विचारलं, "तो सापडेल?"

मी गाव विचारलं. दवाखाना विचारला. नवी फाइल उघडली आणि विचारलं, वर नाव काय घालू?

"सॅम्युएल," त्या म्हणाल्या. "मी ठेवलं होतं. आज पहिल्यांदा मोठ्याने म्हणतेय."