मुलींच्या संडासाची जाळी

५ जानेवारी
पेडगाव. आले एकदाची. आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला 'स्वतःच्या हातांनी बांधा' म्हणून शिबिर. शाळेत मुलींसाठी संडास बांधायचाय. जुना पडला, तेव्हापासून मोठ्या मुली दुपारी घरी जातात त्या परत येतच नाहीत. काम खरंच गरजेचं आहे. आणि करणार कोण — तर आमचा वर्ग. देवच वाचवो शाळेला.

आम्ही मुली राहतोय शाळेच्या मोठ्या बाईंच्या घरी.

६ जानेवारी
आमच्या वर्गातल्या केयूरने नवे गमबूट आणलेत. विटेला हात लावायच्या आधीच थापी धरून फोटो. सर म्हणे, "मातीशी बोला." बोलण्यातच चार वर्षं गेली की!

डिझाइन माझं निवडलं. दुसरं होतंच काय म्हणा. मैदानाकडची अख्खी भिंत विटांची जाळी, खालपासून वरपर्यंत. बसलं तरी वारा लागेल, वास कोंडणार नाही.

९ जानेवारी
जाळी उभी राहिली. केयूरचा भाग ओळंब्यात नव्हता, पाडून मीच परत लावला. त्याच्या तळहाताला एक फोड आलाय, तर गावभर दाखवत फिरायलाय.

आठवीतली राजेश्री आत जाऊन आली. म्हणे, "ताई, आतून समदं मैदान दिसायलंय. पोरं खेळायलीत." मग? बघ की! बाहेरून आतलं काही दिसत नाही, मी मैदानात उभं राहून पाहिलंय. आत अंधार, बाहेर ऊन. एवढं साधं. तरी ही आपली मान खाली घालून उभी. लय डोकं उठवतात हे लोक.

मोठ्या बाई म्हणाल्या, "ती भोकं बुजवता येतील का?" भोकं! मी सरळ नाही म्हटलं.

१२ जानेवारी
उद्घाटन. नारळ, फीत, सरांचं लांबलचक भाषण. दिवसभरात एकही मुलगी आत गेली नाही. आयतं बांधून दिलं तरी वापरायची अक्कल नाही यांना. राजेश्री दुपारी दप्तर घेऊन घरी गेली.

१३ जानेवारी
निघताना बाईंच्या घराला कुलूप. मला तर जोराची लागलेली. आमच्याच संडासात गेले. बसले. समोर मैदानात केयूर, बरोबर माझ्याकडे तोंड करून उभा. त्याला काहीच दिसत नव्हतं. मला माहीत होतं.

तशीच उठले. परभणी येईपर्यंत दाबून धरली.