वैष्णवीचा डबा जसाच्या तसा

कसबा पेठ, पुणे
८ जुलै २०२४

ति. मथुराताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर धड बोलवत नाही, म्हणून लिहितोय. जया जाऊन पावणेतीन महिने झाले. शाळा सुरू झाल्यापासून वैष्णवीचा डबा रोज जसाच्या तसा परत येतोय. आज सतरावा दिवस. मेथीचा पराठा, मटकीची उसळ, गूळपोळी, सगळं करून पाहिलं. दुकानात भांड्यांवर नावं कोरायला मला कोणी शिकवलं नाही, तशाच पोळ्याही मी आपल्या आपण शिकलो, आणि त्या गोल होतात. घरी त्याच पोळ्या ती दोन खाते. शाळेत एक घास नाही. विचारलं तर म्हणते, भूक नव्हती. वजन दीड किलोनं उतरलंय. असंच राहिलं तर दिवाळीत तिला कायमची माझ्याकडे मांजरीला नेईन, असं तू म्हणालीस. ताई, ती गेली तर दुकान बंद करून मी घरी यायचं कशाला?

तुझा संतोष

मांजरी
१५ जुलै

चि. संतोष यास,
अनेक आशीर्वाद.

काल वैष्णवी माझ्याकडे होती, तेव्हा बोलली. तुझ्या पोळ्यांवर तिचा राग नाही, तेव्हा नवीन पदार्थ शोधू नकोस. जयाच्या तेराव्याला वाटायला डबे आणलेस, त्यांवर 'कै. जया हिच्या स्मरणार्थ' कोरलंस, आणि त्यातलाच एक लेकीच्या दप्तरात घातलास! पहिल्याच दिवशी शेजारच्या मुलीनं झाकण वाचलं आणि मेलेल्या बाईचा डबा म्हणून लांब सरकली. तेव्हापासून पोरगी तो बाहेरच काढत नाही. तुला सांगू नको म्हणून मला शपथ घातली. म्हणे, बाबांनी आईचं नाव सगळ्यात सुंदर काढलंय. मी शपथ मोडली. अरे, दुसऱ्यांच्या भांड्यावरची चुकलेली वेलांटी तुला दहा हातांवरून दिसते, आणि हे दिसलं नाही?

ताई

कसबा पेठ
२२ जुलै

ति. ताईस,
सा. न.

नाव घासून काढायला बसलो. निघेना. छिन्नी खोल बसवायची माझी सवय. पन्नास वर्षं पुसणार नाही, असं गिऱ्हाइकांना मीच ऐकवतो. शेवटी कोरा डबा आणला. गुरुवारी रिकामा आला, एक शेंगदाणासुद्धा उरला नव्हता. हरवू नये म्हणून तुझं नाव घालू का, असं वैष्णवीला विचारलं. तिनं डबा माझ्या हातातून काढून घेतला.

जुना टाकवत नाही. आता माझ्या पोळ्या भरून मी तो दुकानात नेतो. दुपारी समोर ठेवतो, 'जया'चा काना किती सरळ आलाय ते बघतो, आणि तसाच घरी आणतो.

काल वैष्णवीनं झाकण उघडून पाहिलं. म्हणाली, बाबा, भूक नव्हती का?

ताई, माया आहे तशीच राहू दे.

तुझा संतोष