टाच वाजली का?

अप्पा, आज तुमच्या पणतीची नोकरीची मुलाखत होती. तीही घरातच, हॉलमध्ये खुर्चीवर बसून, कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर. ऑफिस बेंगळुरात, पण काम म्हैसुरातूनच करायचं. मिळालं तर पोरगी घरात राहणार, नाही तर लांब कुठंतरी जाणार, म्हणून सकाळपासून माझा जीव खालीवर. याआधीच्या मुलाखतींत घाबरून तिची जीभ जड झाली होती. मी खडखडणारा पंखा बंद केला, कुकरची शिट्टी ऐकू जाईल म्हणून गॅसही बंद केला. सूनबाई म्हणाली, "मामंजी, मुलाखत तिची आणि घाम तुम्हाला! भात कच्चा राहिला तर तुम्हीच खा हां." पोरगी म्हणाली, "अज्जा, सुम्नं, गप आत बसा बघू. पडद्यात दिसू नका."

आत बसलो आणि मला आपल्या घरामागचं परसदार दिसायला लागलं. शाळा अर्धवट सोडलेल्या मला रेशमाच्या गिरणीत साहेबांपुढं जायचं आहे, आणि महाराजांच्या घोडदळात नोकरी केलेले तुम्ही मला कडक सलाम शिकवताय. "छाती पुढं. टाच आपट. आवाज आला पाहिजे." तुमचे बूट माझ्या पायात, पुढं कापूस कोंबलेला. साहेबांसमोर मी टाच अशी आपटली की टेबलावरची दौत कलंडली आणि शाई त्यांच्या कागदांवर. साहेब कन्नडात म्हणाले, "कुठं युद्ध लागलं रे?" खोलीभर हसू. मी रडवेला होऊन बाहेर आलो. फाटकाशी उभे राहून तुम्ही एवढंच विचारलंत, "टाच वाजली का?" म्हटलं, "वाजली." तुम्ही म्हणालात, "मग झालं." आणि खरंच झालं. त्याच गिरणीत माझे केस पिकले.

आज हॉलमधून पोरीचं पाठ केलेलं इंग्रजी ऐकू येत होतं, ते मध्येच थांबलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. मला राहवेना, दारातून डोकावलो. पडद्यातल्या बाईंनी कन्नडात विचारलं, "मागं कोण? आजोबा का?" पोरीचा चेहरा उतरला. आणि अप्पा, मी सरळ उभा राहून सलाम ठोकला. बाई खळखळून हसल्या. पोरगीही हसली आणि त्यांना दौतीची गोष्ट सांगायला लागली, अर्धी कन्नडात, अर्धी इंग्रजीत, हात नाचवत. त्यानंतर ती कुठं अडलीच नाही. संध्याकाळी निरोप आला, घेतलं म्हणून! सूनबाईनं केसरीभात केला आणि पहिली वाटी माझ्या हातात दिली. कच्च्या भाताचं नावही काढलं नाही.

सगळे म्हणतात, अज्जा घाबरले आणि हात आपोआप वर गेला. मीही मान डोलावली. हा कागद उशीखालीच राहणार आहे, म्हणून तुम्हाला खरं सांगतो. मी घाबरलो नव्हतो. मला सलाम करायचाच होता. फक्त टाच वाजली नाही, अप्पा. अनवाणी होतो.