पीक : इतर

४ ऑक्टोबर

आज जे घडले ते क्रमाने. मत न देता.

१. आमच्या बचत गटाला केंद्राच्या योजनेतून फवारणीचा ड्रोन मिळाला. पायलट मी. गटात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा माझ्या एकटीकडे आहे.
२. वाटपाचा सोहळा शहरात होता. मोठे पाहुणे येणार म्हणून आज शहरात ड्रोन उडवायला बंदी होती.
३. त्यामुळे प्रात्यक्षिक झाले नाही. आम्ही ड्रोनशेजारी उभ्या राहून टाळ्या वाजवल्या.
४. फोटो झाला. त्यात ड्रोन आहे, पाहुणे आहेत, गटाच्या अध्यक्ष आवडाबाई यांचा पदर आहे. माझा कोपर आहे.
५. अट सांगण्यात आली : ३० नोव्हेंबरपर्यंत अ‍ॅपवर शंभर एकर फवारणी नोंदली गेली नाही, तर ड्रोन दुसऱ्या गटाला जाईल.

शंभर एकर म्हणजे माझ्या हिशेबाने आठवड्याचे काम. दिवाळीआधी संपेल.

संकल्प : फक्त तांत्रिक काम. गावच्या राजकारणात पडायचे नाही. यंत्राला पक्ष नसतो, ते चालवणारीलाही नसावा.

६ ऑक्टोबर

ड्रोन आवडाबाईंच्या पुढच्या खोलीत ठेवला आहे. बायकांनी हळदकुंकू वाहिले. एका पंखाला लिंबूमिरची बांधली. तोल जातो म्हणून मी काढली. संध्याकाळी परत बांधलेली. शेवटी समोरच्या पंखालाही तेवढ्याच वजनाचे लिंबू बांधले. याला अंधश्रद्धा म्हणता येणार नाही. हे संतुलन आहे.

९ ऑक्टोबर, सकाळी सहा

पहिले उड्डाण. सखूमावशींची दोन एकर तूर, फुलावर आलेली, अळी लागलेली. औषध नाही, चाचणी म्हणून साधे पाणी. ड्रोन बांधावरून वर गेला आणि गावातला कडूबा काठी घेऊन धावत आला, मागे आठदहा जण. पावसाळ्यात गावोगाव बोलवा होती की रात्री चोर ड्रोन फिरवून घरं हेरतात. मी रिमोट घेऊन त्याच्यासमोर उभी असतानाही तो ओरडत होता, "चोराचं ड्रोन! पाडा त्याला!" मी शांतपणे पायलटचे ओळखपत्र दाखवले. त्याने ते लांब धरून, जवळ धरून पाहिले आणि म्हणाला, "फोटोत तर चोरावाणीच दिसती."

नोझल उघडायच्या आत ड्रोन खाली घेतला. कारण : जनजागृतीचा अभाव. माझ्याकडून त्रुटी नाही.

१३ ऑक्टोबर

औषधाचे विचारायला फुलंब्रीला गेले. ड्रोनने कोणते औषध मारता येते याची यादी केंद्राने केली आहे. ती इथे वापरावी असे राज्याचे पत्र यायचे आहे. कृषी कार्यालयातले साहेब म्हणाले, "दिल्लीनं ड्रोन देला, मुंबईनं पत्र द्यायचंय. मधात आम्ही हावोत." मी हे लेखी मागितले. त्यांनी सांगितले की लेखी द्यायलाही पत्र लागते. उत्तर तर्कशुद्ध वाटले.

परत आल्यावर सखूमावशींना सर्व नीट समजावले. केंद्राचे विषय वेगळे, राज्याचे वेगळे, काही दोघांचे मिळून. त्यांनी मधे एकदाही तोंड घातले नाही. मग म्हणाल्या, "हे अळीला सांग न बाई जरा."

त्यांना विषय समजला असावा.

१७ ऑक्टोबर

निवडणूक जाहीर. आचारसंहिता लागली.

ड्रोनच्या टाकीवर योजनेचा मोठा स्टिकर आहे, फोटोसहित. ग्रामसेवकांनी येऊन त्यावर वर्तमानपत्र चिकटवले. खळ उरली म्हणून खालच्या सेन्सरवरही चिकटवले. तो काढा म्हटले, तर म्हणाले, वर विचारून सांगतो. फवारणी चालू ठेवायची का, तेही वर विचारून सांगणार आहेत. मी स्पष्ट शब्दांत नाराजी नोंदवली (इथे).

२१ ऑक्टोबर

सखूमावशींनी पाठीवरच्या पंपाने तूर फवारली. दुपारपर्यंत दोन्ही एकर झाले. जाताना माझ्या दारात थांबून विचारले, "तुझं विमान उठलं का?"

नोंद आजपर्यंत : शून्य एकर. अद्याप भरपूर वेळ आहे. सेन्सरवरचा कागद मी ब्लेडने काढला, वर न विचारता. धाडसी निर्णय.

३ नोव्हेंबर

उमेदवार नानासाहेब घरी आले. सोबत पाच गाड्या. चहा नको म्हणत दोन कप घेतले. अडचण अशी की विरोधातल्या पुंजाराम यांनी सभांसाठी चार जेसीबी ठरवलेत, वरून फुले टाकायला. "जेसीबी आता कोणीबी आणतं. आपल्याला वरून पाहिजे, आभाळातून." मी ठाम नकार दिला. कारणही दिले : हा फवारणीचा ड्रोन आहे, यातून पाकळ्या पडत नाहीत, फक्त पातळ पदार्थ जातो.

ते म्हणाले, "मंग गुलालाचं पाणी मारा की, ताई. इंजिनेर तुम्ही का आम्ही?"

विचार करते म्हणाले. केवळ तांत्रिक अंगाने.

४ नोव्हेंबर

विचार केला.

स्टिकर झाकलेला आहे, म्हणजे आज हा ड्रोन कोणत्याही सरकारचा नाही. औषधाला परवानगी नाही, पण गुलालाचे पाणी औषध नाही. शेतात उतरण्याआधी नोझलचे कॅलिब्रेशन झालेच पाहिजे आणि त्यासाठी मोकळे मैदान लागते. मैदानात माणसे असतील, हा योगायोग.

यात राजकारण कुठेही येत नाही. दोनदा तपासले.

७ नोव्हेंबर

सभा. (कॅलिब्रेशन.)

टाकी आतून तीन पाण्यांनी धुतली. गुलाल आवडाबाईंच्या जुन्या पातळातून गाळला. उड्डाण निर्दोष. थेंबाचा आकार उत्तम. नानासाहेबांचा पांढरा सदरा डोळ्यांदेखत गुलाबी झाला, एकही कोरडा ठिपका नाही. इतके एकसारखे कव्हरेज प्रशिक्षणातही पाहिले नव्हते. गर्दीतून सखूमावशी ओरडल्या, "पोरी, खाली घे, आणखी खाली! स्टेजावरच लई अळ्या हायेत!" मैदान हसले. नानासाहेबही हसले आणि त्यांनी मावशींना हात जोडले.

तीन टाक्या गेल्या. अ‍ॅप एका टाकीला एक एकर धरते. नोंद आपोआप : तीन एकर. मग अ‍ॅपने पीक विचारले. पर्याय : कापूस, तूर, मका, इतर.

इतर निवडले. यात खोटे काही नाही.

८ नोव्हेंबर

आवडाबाईंनी विचारले, "म्हंजी आपलं ड्रोन आता नानासाहेबाचं व्हय?" मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, "गाव तर तसंच म्हणतंय."

तटस्थता केवळ असून चालत नाही, दिसावीही लागते. म्हणून पुंजाराम यांनाही फोन केला.

१६ नोव्हेंबर

दोन्ही पक्षांचे कॅलिब्रेशन सुरू आहे. पुंजाराम यांचे म्हणणे, "त्याला तीन टाक्या मारल्या ना? मला पाच मारा." दुसऱ्या दिवशी नानासाहेबांनी सात मागितल्या. मी दोघांनाही समान वागणूक दिली, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याहून जास्त.

कडूबा आता ड्रोन टेम्पोत चढवतो, उतरवतो, आणि कोणी जवळ आले की ओरडतो, "हात लावू नका, आपलं ड्रोन हाय!" जनजागृती झाली म्हणायची.

नोंद : एकसष्ट एकर.

२१ नोव्हेंबर

जिल्ह्यावरून फोन. डॅशबोर्डवर आमचा गट झळकतो आहे. "इतर पिके" या रकान्यात आमच्या जवळपासही कोणी नाही. दिल्लीहून एक साहेब अभ्यासाला येऊ इच्छितात. मराठवाड्यात इतके जोरात आलेले हे पीक कोणते, असे त्यांनी विचारले आहे.

मी सांगितले, हंगामी आहे.

फोनवरच्या बाईंनी ते लिहून घेतले.

२४ नोव्हेंबर

काल प्रचार संपला. सभा बंद. नोंद अठ्ठ्याऐंशी एकरांवर थांबली. बारा कमी, सहा दिवस शिल्लक.

अनपेक्षित म्हणता येणार नाही. निवडणूक संपते हे मला माहीत होते.

२५ नोव्हेंबर

सकाळी राज्याचे पत्र आले. तुरीवर ड्रोनने औषध मारायला परवानगी. त्यासाठी लागणाऱ्या औषधाचे नावही दिले आहे. पत्र स्पष्ट आणि नेमके आहे, उणीव काढता येणार नाही.

दुपारी सखूमावशी आल्या. सोबत दहा-बारा बायका, प्रत्येकीची थोडी थोडी तूर. शेंगा भरायला लागल्यात, अळी परत आली आहे. मावशी या वेळी थट्टेने बोलल्या नाहीत. ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "मागं हसले मी तुला. पर आता खांदा भरून आलाय माझा, पंप उचलत नाय. परवा मारतीस का? समद्या मिळून वीस एकर होईल."

बॅटऱ्यांची स्थिती पाहिली. एवढ्या उड्डाणांनी त्या थकल्या आहेत. कंपनीला विचारले, नव्या यायला पंधरा दिवस. जुन्या जेमतेम बारा टाक्या उचलतील. शेतावर वारा असतो, कडेला झाडे असतात, निम्म्यात बॅटरी बसली तर नोंद अर्धवट राहते. मिरवणुकीचा रस्ता मोकळा आणि सपाट. निकाल २९ तारखेला आहे.

मावशींना सांगितले की या आठवड्यात ड्रोन रिकामा नाही.

त्या ओट्याला हात टेकून उठल्या. बाकीच्या बायकाही उठल्या. माझ्याकडे बसलेल्या आवडाबाई त्यांच्यासोबत फाटकापर्यंत गेल्या आणि परत आल्या नाहीत.

संध्याकाळी नानासाहेब आणि पुंजाराम, दोघांना एकच मजकूर पाठवला :

"निकाल कोणाचाही लागो, विजयी मिरवणुकीसाठी बारा टाक्या राखून ठेवल्या आहेत. मिरवणुकीचा मार्ग, निघण्याची वेळ आणि गुलालाचा रंग गुरुवार, २७ नोव्हेंबर, सायंकाळी सहापर्यंत कळवावा, ही विनंती."